मानपाड्याहून मानपाड्याला

ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन. एक आमचा, डोंबिवलीचा, कल्याण-शीळ रस्त्यावरचा. दुसरा ठाण्याचा, घोडबंदर रोडवरचा. बाहेरगावचे पाहुणे हमखास चुकतात. आमच्या घरच्या एका साखरपुड्याला तिघे जण ठाण्याच्या मानपाड्यात उतरून "हॉल कुठे आहे" असं विचारत होते. आता तर मेट्रोच्या नकाशातही मानपाडा दोनदा आहे, ४ नंबरच्या मार्गावर एक आणि १२ नंबरच्या मार्गावर एक. तेव्हा पुढची गंमत आत्ताच लिहून ठेवा.

होळीच्या आधीच्या रविवारी मी आणि माझी मुलगी या मानपाड्याहून त्या मानपाड्याला गेलो. पानगळ बघायला.

हसू नका. कारण सांगतो.

माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो. दर ऑक्टोबरला फॅमिली ग्रुपवर त्याचे फोटो येतात. लाल, केशरी, पिवळी झाडं आणि त्यापुढे वहिनी, भाऊ, पोरं, सगळे जॅकेट घालून. तिकडे पानांचे रंग बघायला लोक गाड्या काढून व्हरमाँट, न्यू हॅम्पशायरपर्यंत जातात. अशा लोकांना तिकडे 'लीफ पीपर' म्हणतात. जपानमध्ये मेपलचे रंग बघायला जाण्याला 'मोमिजिगारी' असा खास शब्द आहे. आपल्याकडेही आता ऑक्टोबर-नोव्हेंबरात काश्मीरचे चिनार बघायच्या सहली निघतात. काश्मिरीत त्या ऋतूला 'हरुद' म्हणतात.

मुलगी नववीत आहे. फोटो बघून म्हणाली, "बाबा, आपल्याकडे ऑटम नसतोच ना?"

मी म्हटलं, "असतो की. शरद ऋतू."

"मग शरदात पानं का गळत नाहीत?"

बोलती बंद. खरंच, शाळेत आपण ऑटम म्हणजे शरद असं घोकलं. पण आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस नुकताच संपलेला, डोंगर हिरवेगार, कोजागिरीचं चांदणं. पानं गळतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. म्हणजे शब्दाला शब्द जुळला, ऋतू काही जुळला नाही. आणि पोरांच्या चित्रकलेच्या वहीत ऑक्टोबर महिना केशरी रंगवलेला. खिडकीबाहेर बघितलं तर हिरवा.

तेव्हाच तिला शब्द दिला होता, की आपली पानगळ आली की दाखवतो.

आता डोंबिवलीकराला रंग बघायला बाहेर जायची गरज काय, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. २०१४ च्या जानेवारीत आमच्याकडे हिरवा पाऊस पडला होता. २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता आणि तो बघायला तेव्हाचे मुख्यमंत्री आले होते. या दोन्ही रंगांच्या बातम्या मी केल्यात. झाडांच्या रंगाची एकही केलेली नाही.

तर शेअर रिक्षाने मानपाडा रोडवरून स्टेशन, मग ठाणे लोकल, मग टीएमटी. माजिवडा, कापूरबावडी ओलांडून बस मानपाड्याला पोचेपर्यंत मुलीने एकच निरीक्षण नोंदवलं. "बाबा, इथे पण सगळं खोदलंय. आपल्यासारखंच."

पण मुख्य रस्ता सोडून डोंगराच्या दिशेला वळलं, की दहा-पंधरा मिनिटांत जग बदलतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही ठाण्याकडची बाजू. उद्यान सगळं मिळून सुमारे १०४ चौरस किलोमीटर. एका अंगाला बोरिवली, दुसऱ्या अंगाला आपलं ठाणे, आणि मध्ये तुळशी, विहार हे तलाव. मानपाड्याला वनखात्याचं निसर्ग परिचय केंद्र आहे, तिथून आत पायवाट जाते. इतकी वर्षं ठाण्यात बातम्यांसाठी येतोय. महापालिका, कलेक्टर ऑफिस, सिव्हिल हॉस्पिटल, कोर्ट, सगळं पाठ. इथे पहिल्यांदा आलो.

आत एक वनरक्षक भेटले. मी पत्रकार आहे म्हटल्यावर आधी जरा सावध झाले. मग मुलगी म्हणाली, "काका, आम्ही पानगळ बघायला आलोय." तसे ते हसले. म्हणाले, "सगळे पावसाळ्यात येतात, धबधबा कुठाय विचारत. सुकलेलं जंगल बघायला आलेले तुम्ही पहिले." आणि चांगला तासभर सोबत चालले.

पहिली गोष्ट म्हणजे आवाज. सागाची पानं खाली पडलेली, सुपाएवढी मोठी. त्यावर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. मुलीला वाटलं कुणीतरी मागून येतंय. सरडा होता. वनरक्षक म्हणाले, "या दिवसांत इथे कुणी चोरून चालूच शकत नाही."

मग रंग. पळस नुसता पेटलेला, पान एक नाही, फुलंच फुलं. काटेसावरीचा बहर ओसरत आलेला, खाली जाड पाकळ्यांच्या लाल फुलांचा सडा. पांगारा. कुंभ्याची काही जुनी पानं अजून झाडावर होती, गळण्याआधी विटकरी-लाल झालेली. हे थेट न्यू जर्सीच्या फोटोसारखं, फक्त झाड आपलं. कांडोळ बघितला. पांढुरकं खोड, एक पान नाही, रात्री दिसला तर भुताचीच आठवण व्हावी. लोक त्याला भुत्या म्हणतात ते उगाच नाही. आणि ऐन. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोन चौकोन पडलेली.

पुढे एका वळणावर मुलगी ओरडलीच. "बाबा, ते बघ! मेपल!"

मेपल नव्हता, कोशिंब होता. पण अख्खं झाड लालभडक, उन्हात काचेसारखं चमकणारं. मी म्हटलं, वा, हीच आपली पानगळ.

वनरक्षक म्हणाले, "साहेब, ही पानगळ नाही. ही पालवी आहे. जुनी पानं गेली. ही नवीन आलीत."

इथे मला जरा थांबायला लागलं. तिकडच्या फोटोतली पानं लाल होतात ती जाताना. थंडी वाढते, दिवस लहान होतो, झाड पानातलं हिरवं द्रव्य मोडून परत आत घेतं. मग त्याखाली दडलेला पिवळा-केशरी वर येतो, काही झाडांत लाल नव्याने तयार होतो. आपल्याकडे थंडीचा प्रश्न नाही, पाण्याचा आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस, पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे. पानातून पाणी उडून जातं, म्हणून झाड पानंच टाकून देतं. खर्च बंद. आणि कोशिंब, पिंपळ, मोह, आंबा यांची नवी पानं येतात ती लाल-तांबूस. कोवळ्या पानाला कडक ऊन सोसत नाही. तो लाल रंग त्याला सांभाळतो, आणि किडीही अशा पानाच्या वाट्याला कमी जातात असं अभ्यासक म्हणतात. हिरवेपणा नंतर येतो.

म्हणजे एकाच रंगाचा तिकडे अर्थ निरोप आणि इकडे अर्थ बारसं. आणि गंमत बघा, ही पालवी पाऊस यायच्या तीन महिने आधी येते, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. जमिनीत खोल राहिलेल्या पाण्यावर. चैत्रपालवी हा शब्द आपण गुढीपाडव्याच्या मेसेजमध्ये दरवर्षी टाकतो. मी त्या दिवशी पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा ती नीट बघितली.

परत फिरताना वाटेत एक झाड होतं. पूर्ण निष्पर्ण. फांद्यांवर वाळलेल्या, पिवळट, चपट्या शेंगा. वारा आला की खुळखुळ वाजत होत्या.

मुलगी म्हणाली, "हे मात्र मेलंय ना काका?"

वनरक्षकांनी एक खालची बारीक डहाळी धरली, नखाने साल किंचित खरवडली. आत हिरवीगार, ओलसर. "शिरीष आहे. एप्रिलमध्ये ये. पानं आणि फुलं दोन्ही असतील. वास असा येतो की लांबून कळतं."

मुलगी खूश. मी गप्प.

मित्रांनो, ही पोस्ट खरं तर या शिरीषासाठी लिहितोय. वरचं सगळं त्याच्यापर्यंत यायला.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. असाच फेब्रुवारी. आमच्या भागातल्या एका सोसायटीतून फोन आला, रस्त्याकडेला एक वाळलेलं मोठं झाड आहे, कधीही पडेल, बातमी करा. मी गेलो. बघितलं. एकही पान नाही, नुसत्या वाळक्या शेंगा. खाली चहाची टपरी, बाजूने शाळेच्या बसेस. मी फोटो काढला आणि चार कॉलम बातमी दिली. 'वाळलेल्या झाडामुळे नागरिकांचा जीव टांगणीला'. हेडिंग माझंच.

आठवडाभरात झाड कापलं. दुसऱ्या दिवशी आम्ही छापलं, 'बातमीचा दणका'. आमच्या धंद्यात या दोन शब्दांची नशा फार वाईट. सोसायटीने पुष्पगुच्छ दिला. त्याचा फोटो मी इथेच टाकला होता, तुमच्यापैकी काहींनी लाइकही केला असेल.

पण कापत होते त्या दिवशी मी तिथे होतो. कटर चालवणारा कामगार खाली उतरला, घाम पुसला, म्हणाला, "साहेब, ओलं होतं हो झाड. अजून महिन्याभरात फुटलं असतं." मी बुंध्याला हात लावला. हात ओला झाला.

मी काय केलं? काही नाही. दणक्याची बातमी आधीच पाठवून झाली होती. ऑफिसला फोन करून थांबवता आली असती. नाही केला. मला वाटलं, एक झाड, काय एवढं. आणि उद्या लोक म्हणणार याला साधं झाड कळत नाही.

मे महिन्यात त्या टपरीवर गेलो. तिथे निळी ताडपत्री लावलेली. मालक म्हणाला, "भाऊ, दुपारी गिऱ्हाईक थांबत नाही. उभंच राहवत नाही ना." त्याला माहीत होतं बातमी कुणाची ते. त्याने एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. तो चहा मला अजून आठवतो.

परवा जंगलात ते खुळखुळणारं झाड बघितलं, तेव्हा ओळख पटली. तेच झाड होतं. शिरीष. म्हणजे सहा वर्षं मला त्याचं नावही माहीत नव्हतं.

ही गोष्ट माझ्यापुरती असती तर डायरीत लिहिली असती. पण यात सार्वजनिक प्रश्न आहे, तो असा.

आपल्याकडे शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. झाड तोडायचं तर परवानगी लागते, झाडावर नोटीस लावावी लागते, पेपरात जाहिरात द्यावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची, असंही त्यात आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांहून जुन्या झाडांना 'हेरिटेज वृक्ष' म्हणून वेगळं संरक्षण आलं. कायदा चांगला आहे. पण झाड मेलेलं, रोगट किंवा वाऱ्याने पडलेलं असेल तर परवानगी नाकारता येत नाही. असायलाही हवं तसं, मेलेलं झाड खरंच डोक्यात पडतं, माणसं दगावतात.

प्रश्न इतकाच, की मेलेलं कोण ठरवतं आणि कोणत्या महिन्यात?

जानेवारी ते मार्च या काळात शिरीष, साग, काटेसावर, पांगारा ही सगळी झाडं कमीजास्त मेल्यासारखीच दिसतात. याच दिवसांत पावसाळ्याआधीच्या छाटणीचे अर्ज सुरू होतात. याच दिवसांत होळी असते. याच दिवसांत आमच्यासारखे पत्रकार फोटो काढतात. झोपलेल्या माणसाचा फोटो काढून 'मयत' असं छापण्यासारखं आहे हे. फरक इतकाच, की माणूस उठून पेपरच्या ऑफिसात येऊन भांडेल.

पानगळीचा दुसरा हिशेब जमिनीवरचा. जंगलात आमचे वनरक्षक एका ठिकाणी थांबले. तिथे पानं बाजूला सारून, जमीन साफ करून एक रुंद पट्टा केलेला होता. जाळरेषा. वणवा लागला तर तो इथे थांबावा म्हणून. म्हणाले, "तुमच्यासाठी पानगळ म्हणजे रंग. आमच्यासाठी ड्युटी. एक विडी पुरते." आपल्या डोंगरांतले बहुतेक वणवे आपोआप लागत नाहीत, माणसामुळे लागतात. तो विझवायला जे धावतात, त्यात पाड्यांवरची आदिवासी पोरंही असतात. हातात ओल्या फांद्या. त्यांची बातमी आम्ही दोन कॉलमसुद्धा करत नाही.

आणि खाली शहरात? सकाळी सहाला आपल्या गल्लीत काय होतं? पानांचा ढीग आणि काडी. वास येतो, खिडक्या लावतो, विषय संपला. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरात साध्या जाळण्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५ हजार रुपये दंड सांगितलेला आहे. पण झाडणाऱ्या ताईंवर खापर फोडू नका. त्यांना पानं न्यायला वेगळी गाडी नाही, टाकायला जागा नाही आणि मुकादम म्हणतो रस्ता साफ दिसला पाहिजे. मग त्या काय करणार?

जंगलात तीच पानं कुणी झाडत नाही. पावसाळ्यात कुजतात आणि त्याचीच माती होते. आपण मात्र आधी पानं जाळतो आणि मग नर्सरीतून खताची पिशवी विकत आणतो.

ठाण्याच्या मानपाड्यातून बाहेर पडताना टिकुजिनीवाडीच्या बाजूला बोगद्याचं काम दिसलं. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा, सगळा मिळून ११.८ किलोमीटर, त्यातला मोठा भाग या जंगलाच्या पोटातून. १३ जुलै २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. घोडबंदर रोडवर तास-तास अडकणाऱ्या माणसाला तो हवा आहे आणि त्याचं चूक नाही, मीही त्यातच अडकतो. तिथे राहणारे धूळ-डंपरबद्दल भांडतायत, त्यांचंही चूक नाही. इथे मला दोन्हीत निवाडा करायचा नाही. मला एवढंच जाणवलं, की यापुढे 'इतकी झाडे बाधित' असा आकडा लिहिताना मला त्यातली नावं विचारता आली पाहिजेत. किती कोशिंब? किती ऐन? किती शिरीष? वीस वर्षं मी नुसते आकडे लिहिले.

ट्रेनमध्ये मुलीला मी सहा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली. मग विचारलं, "मग तू दुरुस्ती छापलीस का?"

आमच्या पेपरात असते ना ती, आतल्या पानावर, कोपऱ्यात, बारीक टायपात. 'अमुक दिवशीच्या बातमीत अनवधानाने...' ती.

नाही छापली. ते साप्ताहिक आता बंद पडलंय. म्हणून इथे छापतो.

दुरुस्ती: सहा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी दिलेल्या बातमीतलं झाड वाळलेलं नव्हतं. ते शिरीषाचं जिवंत झाड होतं आणि पानगळीत होतं. मी खात्री न करता लिहिलं, आणि कळल्यावरही गप्प बसलो. चूक माझी.

आता तुमच्याकडून काय हवंय ते सांगतो, फार नाही.

एक. तुमच्या रस्त्यावर कुणी 'वाळलेलं झाड' दाखवलं तर आधी नखाने बारीक डहाळी खरवडून बघा. आत हिरवं असेल तर जिवंत. एका डहाळीवर ठरवू नका, दोन-चार ठिकाणी बघा. एखादीच फांदी वाळली असेल तर फांदी काढा, झाड नको. खोड पोकळ वाटलं, एका बाजूला झुकलेलं असेल, तर मात्र स्वतः डॉक्टर होऊ नका, जाणकाराला बोलवा.

दोन. झाडावर नोटीस दिसली तर फोटो काढा आणि नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या. मुदत संपल्यावर इथे कमेंट करून काही होत नाही. आणि मला कळवा. या वेळी मी आधी झाड बघायला येईन, मग लिहीन.

तीन. सोसायटीच्या कोपऱ्यात पानांसाठी एक जाळीचा पिंजरा करा. पानं टाका, वरून शेणाचा काला किंवा आंबट ताक शिंपडा, ओलं ठेवा, अधूनमधून हलवा. सहा-आठ महिन्यांत खत. आमच्या बिल्डिंगमध्ये मागच्या आठवड्यात केलाय. पहिल्याच मीटिंगला "साप येतील" असा आक्षेप आला. बघू.

परवा संध्याकाळी मी आणि मुलगी त्या टपरीवर गेलो. मालकाला ही दुरुस्ती वाचून दाखवली. त्याने ऐकली, स्टोव्ह बारीक केला आणि म्हणाला, "भाऊ, मागे बघा जरा."

टपरीच्या मागे, गटाराच्या कडेला, जुन्या बुंध्यालगत एक फुटवा आलेला आहे. मनगटाएवढा जाड, माझ्या डोक्याहून वर गेलेला. त्याने गेली काही वर्षं त्याच्याभोवती तुटकी क्रेट आणि दोरी बांधून ठेवलीय, गुरं खाऊ नयेत म्हणून. एकही पान नव्हतं त्यावर.

मुलीने पुढे होऊन नखाने एक डहाळी खरवडली. मला दाखवली.

हिरवी होती.

या वेळी चहाचे पैसे मी जबरदस्तीने दिले.